मांगरातला माणूस आणि त्याला बघायला येणारे

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावर 2022 च्या ऑक्टोबरपासून पुढच्या पावसाळ्याच्या तोंडापर्यंत जे घडलं त्याची ही नोंद. फोंड्याचा एक तिशी ओलांडलेला तरुण बँकेतली बरी नोकरी सोडून, फोन घरच्या कपाटात ठेवून, म्हादई अभयारण्याच्या कडेला काजूच्या बागायतीतल्या एका मांगरात राहायला आला. एवढ्यावर भागलं असतं तर लिहायचं कारण नव्हतं. माणसं नोकऱ्या सोडतात, कुठंतरी जाऊन राहतात, कंटाळली की परततात. पण तीन-चार महिन्यांत त्याला बघायला लोक येऊ लागले, आणि त्यांत माझा बारावीतला एक विद्यार्थी होता. त्याच्या आईनं मला गाठलं. शिवाय तो मांगर ज्या कुटुंबाचा, ते माझ्या आजोळचं शेजारघर. म्हणजे मी दोन्हीकडून गुंतलेला, तटस्थ वगैरे अजिबात नाही. नावं देत नाही. ओळख पटेल असे तपशील थोडे इकडचे तिकडे केले आहेत.

जागा

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, मांगर म्हणजे शेतात किंवा बागायतीत हंगामापुरतं वापरायचं खोपट. हा मांगर मातीच्या भिंतींचा, वर मंगलोरी कौलं, एका बाजूला पत्रा. वाड्यापासून अर्ध्या तासाची चढण. खाली झरी आहे, ती मेअखेरपर्यंत टिकते. फेब्रुवारी ते मे या मांगराला मान असतो, कारण समोरच काजूची भाटी, म्हणजे दारू गाळायची भट्टी. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, तुडवून रस काढायचा, तो आंबवायचा, मग भाणात, म्हणजे गाळायच्या भांड्यात, चढवायचा. हुर्राक, म्हणजे पहिल्या धारेची दारू, उतरू लागला की रात्री कोणीतरी तिथं झोपावंच लागतं. एरवी पावसाळ्यात ते खोपट साप-विंचवांचं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. म्हादई अभयारण्य 1999 साली राष्ट्रपती राजवटीत, जे. एफ. आर. जेकब राज्यपाल असताना घोषित झालं. सुमारे 208 चौरस किलोमीटर. त्या हद्दीत आणि हद्दीला लागून गावं आहेत, देवळं आहेत, कुळागरं म्हणजे पोफळीच्या बागा आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या काजू बागायती आहेत. नकाशावर हिरवा रंग दिसतो तिथं कोणाची तरी चूल पेटत असते. जानेवारी 2020 मध्ये गोळावलीच्या रानात चार वाघ विषबाधेनं मेले, तेव्हा बाहेरच्या लोकांना पहिल्यांदा कळलं की इथं वाघ आहेत आणि त्या वाघांच्या शेजारी गुरं राखणारी माणसंही आहेत. दोन्ही गोष्टी इथल्यांना ठाऊकच होत्या.

तो आला तो असा

पावसाळा सरता सरता आला. ज्या घराचा मांगर त्या घरातल्या आजीचा नातू होंड्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो, त्याच्या ओळखीतून. बोलणं साधं झालं. काजू धरेपर्यंत मांगर रिकामाच असतो, तोपर्यंत राहा. भाडं नको, पण गवे कुंपण मोडून आत शिरतात, त्यांच्यावर लक्ष ठेव. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. रात्री पोफळीची रोपं तुडवत आला की त्याला राज्याचा मान देण्याचा उत्साह कोणात राहत नाही.

त्यानं आणलेलं सामान मी पाहिलं होतं. मच्छरदाणी, दोन टोप, एक नवाकोरा कोयता, पुस्तकांची पिशवी, डोक्याला बांधायची बॅटरी. कोयत्याला धार कशी लावतात हे त्याला नातवानं दाखवलं. पहिल्या आठवड्यात त्यानं ओली लाकडं पेटवायचा प्रयत्न केला आणि मांगर धुरानं भरला. आजी वर गेली आणि परसातली सुकी चुडतं (माडाच्या झावळ्या), करवंट्या त्याच्या पुढ्यात टाकून आली. काही बोलली नाही. म्हातारी बोलत नाही तेव्हा जास्त बोलते.

माणूस म्हणून तो मला आवडला, हे लपवत नाही. तो पळून आला नव्हता. कर्ज नव्हतं, प्रेमभंग नव्हता, घरात भांडण नव्हतं. त्याचं म्हणणं असं की, दिवसभर लोकांना जे नको ते विकायचं आणि संध्याकाळी आपल्याला जे नको ते विकत घ्यायचं, हा व्यवहार त्याला पटेनासा झाला. मांगरात तो नीट राहायचा. भांडी राखेनं लख्ख, अंथरूण घडी घातलेलं. दोन महिन्यांत त्याला पक्ष्यांचे आवाज ओळखू येऊ लागले. झरीवर कोण केव्हा पाण्याला येतं ते तो सांगू शकायचा. इतक्या थोडक्यात, इतका शांतपणे राहणारा शिकलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आता तो जगत कशावर होता ते सांगतो, कारण पुढचं सगळं यावर आहे. तांदूळ आजीकडचा, त्यातला काही तिच्या रेशनकार्डाचा. नारळ तिच्या परसातले. मीठ, काडेपेट्या, गूळ, चहापूड नातू वाळपईच्या बाजारातून आणायचा. पैसे तो द्यायचा, पण आणायचा नातू. बॅटरी चार्ज व्हायची आजीच्या पडवीतल्या प्लगवर. डिसेंबरात पाय मुरगळला तेव्हा वाड्यावरच्या एकानं आठवडाभर सकाळची पेज वर पोचवली. त्यानं स्वतः लावलेली मुळ्याची वाफ गव्यांनी खाल्ली. रानातून त्यानं जे मिळवलं ते म्हणजे सरपण, पाणी, थोडी पालेभाजी आणि एकांत. यात कमीपणा काहीच नाही. वाड्यावरचीही सगळी घरं एकमेकांच्या अशाच आधारावर उभी आहेत. फरक इतकाच की वाड्यावर हे सगळ्यांना ठाऊक असतं.

व्हिडिओ

जानेवारीत धबधब्याकडे निघालेल्या एका ट्रेकिंगवाल्यानं त्याचा व्हिडिओ काढला. दोन-तीन मिनिटांचा. चुलीवर भात शिजतोय, तो हसतोय, मागं डोंगर. सोबत लिहिलेलं असं की, यानं सगळं सोडलं, एकटा जंगलात राहतो, पैशाची गरज नाही. तीन वाक्यं, तिन्ही अर्धी खरी.

मग शनिवार-रविवार मोटारसायकली येऊ लागल्या. म्हापसा, पणजी, फोंडा, पुढे बेळगावहूनही. गाड्या आजीच्या अंगणात लागायच्या, कारण रस्ता तिथंच संपतो. माणसं तिच्या पडवीत बसून पाणी प्यायची, तिलाच वाट विचारायची आणि वर जायची. मी एका रविवारी मुद्दाम पडवीत बसून राहिलो. आलेली मंडळी वाईट नव्हती. बहुतेक नोकरीवाली, थकलेली. एक जण पणजीच्या सरकारी कार्यालयातला, निवृत्तीला दहा-बारा वर्षं राहिलेला. तो खाली उतरला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. एका जोडप्यानं त्याच्यासाठी महागडं मध आणलं होतं. मध, सत्तरीत! कोणी त्याला बाबा म्हणे, कोणी गुरुजी. तो वैतागायचा. एकदा तर गाड्यांचा आवाज ऐकून झरीच्या वरच्या बाजूला जाऊन लपला आणि लोक उतरेपर्यंत बाहेर आला नाही. तेही पुढं कौतुकाचं झालं: बघा, माणसांना टाळतो.

आजीला एकीनं विचारलं, जंगलात राहतो त्याची तुम्हाला भीती नाही वाटत का? आजीनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘तो रानांत रावता म्हण तुमी पळोवंक येतात. मागीर आमी खंय रावतात?’

तो रानात राहतो म्हणून तुम्ही बघायला येता, मग आम्ही कुठं राहतो, असं ती विचारत होती. पाहुणीला कळलं नाही. ती हसली, फोटो काढला आणि निघाली.

माझा विद्यार्थी

हा मुलगा डिचोलीकडचा. वडील खाणबंदीत नोकरी गेल्यापासून ट्रक सोडून रिक्षा चालवतात, आई अंगणवाडीत. अभ्यासात बरा. 2012 मध्ये खाणी थांबल्या तेव्हा हा लहान होता, पण घरातल्या चर्चेत तेव्हापासून एकच विषय: पक्की नोकरी. त्यामुळे सगळं झुगारून निघालेला माणूस दिसला की त्याच्या आत काहीतरी हलत असणार. मांगरातल्या माणसाआधी त्याचा आदर्श होता क्रिस्तोफर मॅककँडलेस. वहीच्या पहिल्या पानावर त्या मोडक्या बसचं चित्र होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा अमेरिकन तरुण 1990 साली अटलांटाच्या एमरी विद्यापीठातून पदवीधर झाला, साठवलेले सुमारे 24 हजार डॉलर ऑक्सफॅमला देऊन टाकले, घरच्यांशी संबंध तोडले आणि दोन वर्षं भटकला. एप्रिल 1992 मध्ये तो अलास्कात स्टॅम्पीड ट्रेल नावाच्या जुन्या वाटेनं आत गेला आणि तिथं सोडून दिलेल्या एका बसमध्ये राहिला. सोबत एक लहान रायफल आणि साडेचार-पाच किलो तांदूळ. ऑगस्टमध्ये 24 व्या वर्षी तो उपासमारीनं मेला. सप्टेंबरात शिकाऱ्यांना मृतदेह सापडला तेव्हा वजन जेमतेम तीस किलो होतं. त्याच्यावर पुढं पुस्तक आलं, सिनेमा आला, आणि जगभर त्याचे भक्त तयार झाले.

मुलाच्या आईनं मला शाळेच्या गेटवर थांबवलं. ‘सर, हा म्हणतो परीक्षा झाली की मी पण जाणार. त्या मांगरातल्या माणसाकडे. तुमचं ऐकतो तो. तुम्ही सांगा त्याला.’

‘काय सांगू, ताई? जाऊ नको म्हणून?’

‘नको कशाला? जाऊ दे एकदा. पण परत ये म्हणून सांगा.’

ही बाई माझ्यापेक्षा पुढं होती.

मुलाशी बोललो ते त्याच बसवरून. ती बस क्रमांक 142, फेअरबँक्स शहराच्या वाहतुकीतून निघालेली जुनी गाडी. 1960 च्या सुमारास रस्त्याचं काम करणाऱ्या कंपनीनं कामगारांना झोपायला म्हणून ती आत ओढत नेली आणि काम संपल्यावर तिथंच सोडली. म्हणजे ज्या छपराखाली तो रानात एकटा राहिला ते शहरानं बनवलेलं आणि मजुरांनी आधी वापरलेलं होतं. वाटेत त्याला गाडीतून सोडणाऱ्या माणसानं त्याचे बूट पाहून स्वतःचे रबरी बूट त्याला दिले होते. जुलैत तो परत यायला निघाला होता, हे त्याचे भक्त फार सांगत नाहीत. टेक्लॅनिका नदी एप्रिलमध्ये सहज ओलांडता आली होती. उन्हाळ्यात बर्फ वितळून ती भरून वाहू लागली आणि तो मागं फिरला. नदीवर थोडं खाली तारेवरून हातानं ओढायचा पाळणा होता. त्याच्याकडे नीट नकाशा नव्हता, म्हणून ते त्याला ठाऊक नव्हतं.

मुलगा ऐकत होता. मग म्हणाला, ‘सर, तुम्ही सगळ्याचा हिशेब मांडता. त्याला एकदा तरी नाही म्हणता आलं. माझ्या पप्पांना आयुष्यात एकदाही आलं नाही.’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही पुरतं नाही. या प्रकरणातलं सगळ्यात वजनदार वाक्य मला तेच वाटतं.

ताप

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मांगरातला माणूस तापला. सत्तरीत ताप आला की पहिली शंका माकडतापाची. कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर रानात 1957 साली ओळखला गेलेला हा आजार 2015 पासून आमच्या तालुक्यात आहे. गोचिडीतून पसरतो, डिसेंबर ते मे जोर असतो, म्हणजे नेमका पालापाचोळ्यात वाकून काजू गोळा करायच्या दिवसांत. त्यावर नेमकं औषध नाही. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. मेलेलं माकड दिसलं की आरोग्य केंद्राला कळवायचं, रानात जाताना हातापायांना गोचिडी दूर ठेवणारं डीएमपी तेल लावायचं, हे इथल्या लहान मुलांनाही पाठ आहे. त्यालाही तेलाची बाटली दिली होती. वास उग्र, म्हणून तो लावत नसे.

दोन दिवस तो खाली उतरला नाही. शनिवारी आलेल्या मंडळींनी त्याला मांगरात झोपलेला पाहिला, ध्यानात आहे असं समजून ती बाहेर थोडा वेळ शांत बसली आणि परतली. मला हे खोटं वाटलं होतं, पण त्यांच्यातल्याच एकानं नंतर स्वतः सांगितलं.

रविवारी पहाटे नातू चढून गेला, कारण बॅटरी चार्जिंगला आली नव्हती. नुसत्या तेवढ्यावरून. अंग भट्टीसारखं, डोळे लाल, बोलणं असंबद्ध. नातवानं आणि शेजारच्या दोघांनी त्याला चादरीच्या झोळीत घालून खाली आणलं, 108 ला फोन केला, वाळपईला नेलं. तिथल्या एका परिचारिकेनं अंग पुसताना काखेत बघितलं. सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा खपल्याचा डाग, भोवती लालसर कडा, दुखत नाही. तिनं डॉक्टरांना हाक मारली. माकडतापाचा नमुना तपासणीला गेला, तो पुढं निगेटिव्ह आला. पण त्या डागावरून स्क्रब टायफस असणार हे तिथंच ठरलं आणि डॉक्सिसायक्लिन सुरू झालं. हा आजार गवतातल्या सूक्ष्म किड्याच्या अळीच्या चाव्यातून होतो. वेळेवर औषध मिळालं तर दोन दिवसांत ताप उतरतो, नाही तर फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू, काहीही धरतो. त्याचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला.

काखेतला डाग त्यानं स्वतः पाहिला नव्हता. मांगरात आरसा नव्हता, आणि असता तरी काख कोण बघतं?

मार्च

पुढच्याच महिन्यात म्हादईचं रान पेटलं. मार्च 2023 च्या आगी गोव्यानं बराच काळ पाहिल्या नव्हत्या अशा. नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकत फिरत होती. हेलिकॉप्टर दिसतं म्हणून त्याची बातमी झाली. खाली वनरक्षक आणि वाड्यांवरची पोरं झाडाच्या ओल्या फांद्यांनी आग झोडपत होती, पालापाचोळा ओढून पट्टे साफ करत होती. आजीच्या नातवानं कामावर रजा टाकली होती. त्याच्या भुवया जळल्या. त्या आठवड्यात त्या व्हिडिओखाली लोक लिहीत होते की, तो जंगलाचा राखणदार तिथं आहे म्हणून ते रान वाचेल. तो तेव्हा फोंड्यात आईच्या घरी पेज पीत होता.

काजूचा हंगाम सुरू झाल्यामुळे मांगर आजीला हवाच होता. बरा होऊन तो मार्चअखेरीस परत आला, पण या वेळी राहिला खाली, आजीच्या पडवीत, आणि बोंडू गोळा करायला, तुडवायला मजुरीनं लागला. रोजचे पैसे आजी हातावर ठेवायची, त्यानं घ्यायला नको म्हटलं तर रागवायची. फुकट काम केलंस तर उद्या तुला बोलता येणार नाही, असं तिचं म्हणणं. कौतुक करणारे अजून यायचे. घामेजलेला, अंगाला काजूच्या रसाचा वास येणारा, हिशेबानं पैसे मोजून घेणारा माणूस पाहून ते हिरमुसायचे. एकानं तोंडावर म्हटलं, ‘तुम्ही पण शेवटी कामालाच लागलात.’ एप्रिलनंतर मोटारसायकली जवळजवळ बंद झाल्या. जूनमध्ये त्याच्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं, तो फोंड्याला गेला. त्याच सुमारास त्या व्हिडिओखाली शेवटच्या नोंदी पडल्या. हरला. टिकला नाही. सगळे ढोंगी.

या शब्दांनी मला विचार करायला लावलं. जो माणूस आजारपणातून उठून उन्हात डोकीवरून बोंडूच्या पाट्या वाहत होता तो यांच्या लेखी हरला, आणि जो तापात बेशुद्ध पडला होता त्याला यांनी हात जोडले होते.

कौतुक कशाचं होतं

मला वाटतं, लोकांना त्याचं राहणं नको होतं, निघणं हवं होतं. निघण्याचा एक क्षण असतो आणि त्यात आपल्याला स्वतःला बसवता येतं: राजीनामा टेबलावर ठेवला, फोन बंद केला, चाललो. राहण्यात रोज सरपण असतं, काखेतली खपली असते, आणि मुख्य म्हणजे दुसरी माणसं असतात. ती दुसरी माणसं दिसली की चित्र बिघडतं. म्हणून आजीच्या पडवीत पाणी पिऊनही ती कोणाला दिसली नाही.

आपल्याकडे हे नेहमी असंच होतं असं नाही. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत, ती कथा लहानपणी ज्यानं ऐकली त्याला आवली आठवतेच. ती भाकरी घेऊन डोंगर चढते, विठ्ठलाला शिव्या घालते, पायात काटा मोडतो, आणि काटा काढायला देव तिच्या पायाशी येतो. कीर्तनकार तिला कजाग म्हणून हशा मिळवतात हे खरं, पण तिला कथेतून काढत नाहीत. भाकरी वर कशी पोचली हे ऐकणाऱ्याला कळतं. अलास्कातल्या बसची गोष्ट सांगणारे रबरी बूट देणाऱ्याला विसरतात. अमेरिकेतच मेन राज्यात एक जण 1986 ते 2013 अशी 27 वर्षं रानात एकटा राहिला; पकडल्यावर कळलं की त्यानं आसपासच्या सुट्टीतल्या घरांमधून हजारेक चोऱ्या केल्या होत्या, अन्न, बॅटऱ्या, कपडे, पुस्तकं. त्याचेही चाहते निघाले. जुलै 2025 मध्ये गोकर्णाजवळ रामतीर्थाच्या डोंगरातल्या गुहेत एक रशियन बाई दोन लहान मुलींसह पोलिसांच्या गस्तीला सापडली तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये पुन्हा तीच वाटणी झाली. अर्धे म्हणाले मुक्त बाई, अर्धे म्हणाले बेजबाबदार आई, आणि व्हिसा कधीच संपला होता यावर सगळ्यांचं एकमत.

कौतुकाची दुसरी एक किंमत आहे, ती ज्याचं कौतुक होतं त्याला आणि त्या जागेला पडते. मॅककँडलेसची बस बघायला जाणाऱ्यांना इतक्या वेळा सोडवावं लागलं, आणि वाटेतल्या नदीत 2010 व 2019 साली दोन तरुण बायका बुडून मेल्या, की शेवटी जून 2020 मध्ये चिनूक हेलिकॉप्टरनं ती बस उचलून नेली. आता ती फेअरबँक्सच्या विद्यापीठाच्या संग्रहालयाकडे आहे. आमच्याकडे एवढं झालं नाही. वाड्याच्या वाटेवर प्लॅस्टिकच्या बाटल्या पडल्या, झरीत कोणीतरी साबणानं अंघोळ केली, म्हणून आजीनं वाटेवर काटेरी फांदी आडवी टाकली.

या सगळ्यात मला जास्त लागून राहिली ती एक फाईल. रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना जमिनीचा हक्क देणारा वनहक्क कायदा 2006 चा. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ताबा हवा, आणि अनुसूचित जमातीचे नसाल तर तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवायचा. आजीच्या घरानं दावा केलेला आहे. घरपट्टीच्या पावत्या, रेशनकार्ड, म्हाताऱ्या शेजाऱ्याचा जबाब, बागायतीची मोजणी, ग्रामसभेचा ठराव. तिनं ती फाईल पडवीत मला उघडून दाखवली त्या दिवशी अंगणात मोटारसायकली उभ्या होत्या. चार महिने रानात राहिलेल्या माणसासाठी लोक बेळगावहून मध घेऊन आले होते, आणि जन्मभर राहिलेल्या बाईला आपण इथं राहतो हे कागदावर सिद्ध करायचं होतं. मांगरातल्या माणसाला मी हे बोलून दाखवलं. तो गप्प झाला. नंतर त्यानंच बसून फाईलमधली पानं क्रमानं लावली, झेरॉक्स काढून आणल्या. बँकेत शिकलेली कामं, तो म्हणाला, उपयोगाची निघाली.

मग कौतुक करूच नये का? मुलाच्या वाक्यामुळे मी तसं म्हणू शकत नाही. नाही म्हणता येणं ही मोठी गोष्ट आहे, विशेषतः जिथं पक्की नोकरी म्हणजे मोक्ष मानतात अशा आमच्या घरांमध्ये. तो माणूस थोडक्यात राहू शकतो, मजुरी करताना त्याला लाज वाटली नाही, आणि लोक हात जोडत होते तेव्हा त्यानं आश्रम काढला नाही. शेवटची गोष्ट गोव्यात किती जणांना जमते ते बघावं. त्याच्या त्या गुणांचं मीही कौतुक करतो. मात्र मला आजीचा उल्लेख न करता ते सांगता येत नाही, आणि तिचा उल्लेख केला की ऐकणाऱ्याचा रस कमी होतो, हे वर्गात अनेकदा पाहिलं आहे.

सध्याची स्थिती

तो फोंड्यात एका छोट्या पेढीचे हिशेब लिहितो, अर्धा दिवस. काजूच्या हंगामात सुट्टी घेऊन आजीकडे येतो. दावा अजून मंजूर झालेला नाही. मुलगा बारावी पास झाला, फोंड्यात बीएस्सीला गेला, वनस्पतिशास्त्र घेतलं. मॅककँडलेसचं चित्र नव्या वहीतही आहे. मी विचारलं तर म्हणाला, ‘आता त्याचे बूट पण काढलेत, बघा.’ खरंच काढले होते.

गेल्या मार्चात त्याच्या आईचा फोन आला. पोरगा काजूच्या हंगामाला सत्तरीत जातो म्हणतो, पाठवू का? पाठवा, म्हटलं. झोपायला आजीच्या घरी, मांगरात नको. पायांना तेल लावायला सांगा, वास आला तरी. रोज अंघोळीच्या वेळी अंग नीट बघायचं, काखाजांघांसकट. ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता खाली यायचं.

तिनं सगळं ऐकून घेतलं, बहुतेक लिहूनही घेतलं. मग विचारलं, ‘आणि सर, मजुरी देतात ना?’